शेवटच्या तुकड्याचं गाणं

दोरीवरच्या धुतल्या पातळावर काळे तुकडे पडायला लागले की समजायचं, कारखान्याचं धुराडं पेटलं. कॅलेंडर बघायला नको. ही काजळी झटकायची नसते. झटकली की फुटते आणि बोटभर काळी रेघ ओढून जाते. फुंकर घालून उडवायची. सत्तरी आली माझी, लग्न होऊन आष्ट्याच्या अलीकडच्या या गावात आले त्याला पन्नास वर्षं झाली, तरी पहिल्या दिवशी हात झटकायलाच जातो. यंदाही गेला. रेघ उठली. तिच्याकडं बघत उभी होते, तोवर मागं गोठ्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. तो माझ्या नातीचा, सईचा बँड.

थांबा, गोठ्याचं नंतर सांगते. आधी हंगामाचं सांगू दे.

बाहेरच्या माणसाला उसाचा हंगाम म्हणजे रस, गूळ, काकवी, सगळं गोडच वाटतं. मला मात्र या हंगामाचा आवाज आधी आठवतो आणि तो मारण्याचा आवाज आहे. कोयता बुडख्यावर बसतो तो एक आवाज. शेंडा उडतो तो दुसरा. मोळी डोक्यावरून ट्रॉलीत आदळते तो तिसरा. आणि फड पेटवला तर मग विचारूच नका. पाचट धडाडून पेटतं आणि आतली कांडी ताडताड फुटतात, गोळीबार चालल्यासारखी. आमचे हे फौजेत होते. सुट्टीवर आले असताना शेजारचा फड पेटला की जेवता जेवता ताटावरून उठायचे. बोलायचे काही नाहीत. हात धुऊन परड्यात जाऊन उभे राहायचे, पाठ भिंतीला लावून. आग विझली की परत येऊन तेच गार झालेलं कालवण जेवायचे. गोडाचं पीक म्हणतात याला! बारा-चौदा महिने पाणी पाजून वाढवायचं आणि मग चार महिने दिसेल त्याला तोडत सुटायचं.

तर गोठ्याचं. म्हशी विकल्या तेव्हापासून गोठा रिकामा होता. सई सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. एका शनिवारी ती, दोन मित्र आणि ड्रम वाजवणारा मिरजेचा तौसिफ असे टेम्पोत सामान घालून आले आणि गव्हाणीपाशी ड्रम मांडला. पहिल्या दिवशी शेजारणीच्या म्हशीनं पान्हा चोरला. शेजारीण भांडायला आली, "आक्का, तुमची पोरं लाकडं फोडत्यात का काय करत्यात?" मी म्हटलं, "गाणं हाय ते." ती म्हणाली, "मग रडणं कसं आसंल?"

बँडचं नाव त्यांनी ठेवलंय 'पाचट'. मी म्हटलं, अगं, पाचट म्हणजे सोलून टाकायची पानं. सई म्हणाली, "म्हणूनच आज्जी. जे टाकून देतात त्याचं गाणं."

त्यांच्या गाण्याच्या जातीचं नाव प्रोग्रेसिव्ह रॉक. मी विचारलं, प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगतशील ना? आमच्याकडं प्रगतशील म्हणजे ठिबक बसवलेला शेतकरी. पोरं पोट धरून हसली. मग सईनं नीट समजावलं. या गाण्याला कडवं-ध्रुपद नसतं. एका गाण्याच्या पोटात चार गाणी असतात, अठरा-वीस मिनिटं चालतं, ताल मध्येच बदलतो, आणि शब्द असतात ते समाजावर. परदेशातली जुनी गाणी तिनं मोबाइलवर लावून एकेक ओळीचा अर्थ मला सांगितला. कुठं यंत्रानं खाल्लेली माणसं, कुठं लढाई, कुठं शाळेत वाकवलेली पोरं. मी कांदा चिरता चिरता ऐकत होते. म्हटलं, म्हणजे भारुडच की गं, फक्त विजेवर चालणारं. लढाईवरचं एक मात्र मी दोनदा लावायला सांगितलं. त्यातला माणूस गातच नव्हता, ओरडत होता. मला वाटलं, आमच्या ह्यांनी एवढं जरी ओरडून घेतलं असतं तर भिंतीला पाठ लावायची गरज पडली नसती. अठरा वर्षं फौजेत राहिलेला माणूस, घरी येऊन आवाज म्हणून केला नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला एकदा पोरं गोठ्यात भांडत होती. उसावर गाणं करायचं होतं, पण ताल जमत नव्हता. मी चहा घेऊन गेले आणि सहज म्हणाले, "ऊस तोडायचा ताल सातचा आसतोय." आणि हातानं करून दाखवलं. वाक, धर, तोड, सोल, शेंडा, टाक, पाय. वाकायचं, बुडखा धरायचा, तोडायचा, पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा, कांडं टाकायचं आणि पाऊल पुढं. तौसिफ काड्या हातात धरून बघतच राहिला. "आज्जी, परत म्हणा." मी परत म्हटलं. तो हळूहळू वाजवायला लागला. "ए, हे खरंच सातमध्ये बसतंय! कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

कुणी शिकवलं? चहाचा ट्रे माझ्या हातात होता, तो मी गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

द्वारकानं शिकवलं. चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीची, ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. दुष्काळी भागातून टोळी यायची, तिच्यात ती आणि तिचा नवरा. नवरा-बायको मिळून एक कोयता. असं मोजायचे त्यांना, माणूस म्हणून नाहीच. विहिरीजवळच्या आमच्या फडाच्या बांधाला त्यांची कोपी होती, पाचटाची झोपडी. मला हौस, म्हणून एका दुपारी मी कोयता हातात घेतला. दहा उसात मनगट भरून आलं. द्वारका हसली. "बाई, मोजायचं बघा. मोजलं की हात दुखत नाय." आणि तिनं मला ते सात शब्द दिले. मी म्हटलं, खरंच दुखत न्हाई का गं? ती म्हणाली, "दुखतं हो. पण मोजण्यात ध्यान ऱ्हातं, दुखण्यात नाय."

पोरांनी मला तिथंच बसवून घेतलं. सांगा ना आज्जी, सांगा ना. आणि मी बोलकी बाई. सांगितलं. पण सगळं नाही सांगितलं. एक गोष्ट गाळली. ती गाळलेली गोष्टच हे सगळं लिहायला लावते आहे, म्हणून आधी मी पोरांना काय सांगितलं ते सांगते.

उसाच्या फडात नुसता ऊस नसतो. वर्षभर माणूस आत जात नाही, त्यामुळं ससे, तितर, कोल्हे, रानडुकरं तिथंच संसार करतात. आता तर बिबट्याची मादीही विते. तोड कडेनं सुरू होते. जसजसा ऊस कमी होतो तसतसं ते सगळं जितराब मागं सरत मधे गोळा होतं. दहा-बारा सऱ्यांचा तुकडा उरतो, त्यात अख्खं रान दबून बसलेलं असतं. आमच्याकडं त्या शेवटच्या तुकड्याचा दिवस म्हणजे सणच असायचा. गावातनं माणसं काठ्या, कुत्री घेऊन यायची, बायकासुद्धा. तुकड्याभोवती गोल करून उभं राहायचं. तोडणारे एका बाजूनं आत घुसले की दुसऱ्या बाजूनं जे निघेल त्यावर काठी टाकायची. बघायचं नाही, टाकायची. बघत बसाल तर ससा पायातनं निसटतो आणि डुक्कर असलं तर मांडी फाडून जातं. पान हललं की काठी, हा नेम. सशाचं डोकं फुटताना कसा आवाज येतो, तो मला माहीत आहे. कच्चा नारळ हातातनं पडावा तसा. लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. मीही हसलेय. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी द्वारका पाच महिन्यांची होती आणि पोट पडलं. कोपीतच पडलं. तिसऱ्या दिवशी टोळीच्या मुकादमानं तिच्या नवऱ्याच्या हातात कोयता दिला आणि म्हणाला, अर्ध्या कोयत्यावर मी टोळी चालवत न्हाई. ती उठेना. मुकादमानं मोळ्या आवळायची ओली दोरी घेतली आणि तिला बांधावर मारलं, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. नवरा मोळी बांधत होता, तो बांधतच राहिला. आम्हीही बांधावर होतो, आम्हीही काही बोललो नाही. संध्याकाळी द्वारका उसात शिरली आणि दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेवटच्या तुकड्यातनं पान हललं, रांगत रांगत काहीतरी बाहेर आलं, आणि लोकांनी डुक्कर समजून काठी घातली. ती द्वारका होती. उजवा हात कोपराखाली मोडला. मुकादम म्हणाला, "झाला, अर्धा कोयता झाला माजा." तिला उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हंगाम उतरला. टोळी गेली. परत ती कधीच आली नाही.

एवढं मी सांगितलं.

तौसिफ काडी हातात फिरवत होता, ती पडली. सई रडली. आणि आठ दिवसांनी त्यांनी गाणं आणलं.

गाणं मोठं जबरदस्त होतं, हे सांगायला पाहिजे. सुरुवातीला नुसता माझा आवाज. त्यांनी मोबाइलवर घेतला होता: वाक, धर, तोड, सोल, शेंडा, टाक, पाय. मग त्यावर एकेक वाद्य चढत जातं. दर फेरीला काहीतरी वाढतं आणि जागा कमी होत जाते. कडेनं तोडत आणल्यासारखी. शेवटी तर ऐकणाऱ्याला वाटतं, आता श्वास घ्यायला जागा नाही. गिटारची तार ओरडते, ड्रमवर काठ्या बरसतात आणि सई घसा फोडून म्हणते:

गाव उभं गोलात, गावाच्या हातात काठी
गावाला तोंड नाही, गाव नाही कुणाच्या पाठी

माझ्या अंगावर काटा आला. पण काटा बसला तशी एक चमत्कारिक गोष्ट जाणवली, ती मला लाजिरवाणी वाटते. मला बरं वाटलं. गावाला शिव्या बसत होत्या आणि मला बरं वाटत होतं. नातीनं गावाला एवढं झोडपलं आणि त्यातला एकसुद्धा फटका माझ्या अंगाला लागला नाही. मग लक्षात आलं, म्हणूनच ही समाजावरची गाणी लोकांना आवडतात काय? समाजाला काठी मारली की कुणालाच लागत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. ज्याच्या हातात काठी होती तोही वाजवतो.

गाणं सांगलीच्या कॉलेजात गॅदरिंगला वाजणार होतं. गावात बातमी पसरायला किती वेळ? शेजारणीच्या म्हशीला सगळे शब्द पाठ झाले असतील! तिसऱ्या दिवशी माझे धाकटे दीर आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. सहासष्टीचे आहेत, गुडघा गेलाय, काठी टेकत येतात. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वैनी, त्या पोरीला सांगा. गाणं बंद."

"का वो भावजी?"

"का म्हंजी? गावाची बदनामी हाय ती. सांगलीत शेकडो माणसं ऐकणार. गावाला तोंड न्हाई म्हणं! हाय की तोंड, दाखवू का?"

सई आतनं आली. "आजोबा, खोटं आहे का त्यात काही?"

"तू गप गं. तवा तुजा बाप शाळंत जात हुता."

"मग ज्यांनी मारलं त्यांची नावं सांगा. ती घालते गाण्यात. गाव काढते."

तात्या काठीची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले. मग म्हणाले, "पोरी, चा टाक जा." ती पाय आपटत आत गेली. तशी ते माझ्याकडं वळले आणि आवाज खाली घेतला.

"वैनी, गाणं थांबवा म्हणतोय ते कुणासाठी? माज्यासाठी? माजी काठी तवा माज्या हातातच हुती. मी बघितलंय कुणाची बसली ते."

चाळीस वर्षं. एका घरात जेवलो, एका घरातली लग्नं केली, ह्यांना खांदा दिला त्यात पुढं तात्याच होते. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटायचं, कुणाला कळलं नाही.

"तुमी बघितलं हुतं?"

"शेजारीच हुतो की. भाऊ फौजंत, घरात तुमी एकल्या. काय बोलायचं? लोकांनी म्हटलं, लोकांनी मारलं. मी म्हटलं, व्हय, लोकांनी मारलं. आता ही पोरगी उकरायला लागली. एक नाव निघालं की दुसरं निघंल. म्हणून म्हणतो, झाकून ठेवा."

चहा आला. तात्यांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला आणि गेले.

आता गाळलेलं सांगते.

द्वारका उसात शिरली ती मी बघितली होती. नुसती बघितली नाही, मीच तिला वाट दाखवली. पलीकडच्या अंगाला सऱ्या दाट होत्या. एक जुनं पातळ आणि दोन भाकरी दिल्या. ती म्हणाली, "बाई, मला फकस्त झोपायचंय. एक दिस झोपू द्या." मी म्हटलं, "आतच ऱ्हा. मी सांगते तवा बाहेर ये." माझा हिशेब असा, की फड संपायला अजून दोन दिवस आहेत, उद्या सांज झाली की तिला घरात घेईन आणि परवा पहाटेच्या एसटीत बसवून देईन. पण दुसऱ्या दिवशी कारखान्याला ऊस कमी पडला म्हणून दुसरी टोळी आली. दोन्ही बाजूंनी तोड धरली आणि दोन दिवसांचं काम तिसऱ्या प्रहरी उरकत आलं. मी चुलीपुढं. चाळीस माणसांच्या भाकरी. निरोप आला, शेवटचा तुकडा राहिला, चला. मी हात पुसत गेले. बघते तर दहा सऱ्या उभ्या आणि भोवती काठ्या. मुकादमही काठी घेऊन उभा. मला वाटलं, एवढा गलका ऐकून द्वारका कधीच निघून गेली असेल. वाटलं म्हणजे, तसं वाटून घेतलं. ओरडले असते, आत माणूस हाय, तर मुकादमाला कळलं असतं. म्हटलं, नसेलच ती आत. कुणीतरी माझ्या हातात काठी दिली आणि मी गोलात उभी राहिले.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, डुक्कर! माझ्या समोरचं पाचट हललं. मी बघितलं नाही. नेमच तसा होता. दोन्ही हातांनी काठी घातली.

पाचटातनं पहिल्यांदा माझं जुनं पातळ दिसलं.

डोकं वाचावं म्हणून तिनं हात वर घेतला होता, तो मोडला. कानाच्या वरून रक्त आलं. ती ओरडली नाही. माझ्याकडं बघितलं. एवढ्या मोठ्या गोलात ती माझ्याच बाजूला का आली, ते त्या बघण्यात होतं. उसाच्या फटीतनं तिला माझे पाय दिसले असतील, लुगड्याचा काठ दिसला असेल. तिला वाटलं, बाई बोलवायला आली.

त्या गडबडीत मागनं दोन ससे निघाले, ते लोकांनी मारलेच. संध्याकाळी वाटणी घरी आली. मी ती रांधली. कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून. घरातल्यांनी जेवून म्हटलं, आज कालवण झकास झालंय.

तर हे सगळं मी सईला सांगितलं, तात्या गेले त्याच दुपारी, तिच्या हातात रिकाम्या कपबशा असताना. तिनं कपबशा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "मी गोठ्यात उभी राहून गावाला शिव्या घालत होते, आज्जी. आणि तू मला चहा आणून देत होतीस."

"व्हय."

"छान झालंय गाणं, म्हणालीस."

"झालंयच छान."

"बोलू नकोस माझ्याशी."

ती सांगलीला निघून गेली. दहा दिवस फोन नाही. ते दहा दिवस मी कसे काढले ते नका विचारू. नात म्हणजे काय असते? तिच्या डोळ्यात आपण चांगले असतो, त्यावर म्हातारपण निघतं. रोज सकाळी काजळीवर फुंकर घालायची आणि गोठ्यात जाऊन त्या ड्रमवर टाकलेली चादर नीट करायची. एकदा काडी घेऊन मीच मारून बघितलं. काय आवाज! हात दचकला माझा. इतक्या हलक्या काडीनं एवढा मोठा आवाज निघतो, आणि माझ्या त्या काठीचा मला आवाज आठवतच नाही. सशांचे आठवतात. तो नाही.

अकराव्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. सई माझ्याकडं न बघता आत गेली. तौसिफनं मोबाइल पुढं धरला आणि चाचरत म्हणाला, "आज्जी, सईनं गाणं फाडून टाकलं होतं. मी चिकटवलं. गाव काढायचं म्हणतेय. पण गावाच्या जागी काय घालायचं ते तिला लिहिता येईना. तुम्ही सांगाल?"

तात्यांनाही गाव काढायला पाहिजे होतं, सईलाही पाहिजे होतं आणि मला तर सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "लावा तुमचं यंत्र." आणि त्यात बोलले. सई दारामागं उभी होती. तिचे पाय मला दाराच्या फटीतनं दिसत होते.

गॅदरिंग दुपारी चारला होतं. तात्या म्हणाले, मी येणार, बघतोच काय म्हणत्यात. काठी टेकत पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. समोर मैदानभर पोरं, शिट्ट्या, आरडाओरडा. 'पाचट'ची पाळी आली. अंधारबिंधार काही नाही, डोळ्यावर ऊन, आणि त्या उन्हात मोठ्या स्पीकरमधनं माझाच म्हातारा आवाज. वाक, धर, तोड, सोल, शेंडा, टाक, पाय. पोरं हसली. मग हसायची थांबली. फेरी चढत गेली, गोल आवळत आला. तात्या नकळत काठीनं भुईवर ताल धरत होते, सातचा, अगदी बरोबर. उसात जन्म गेलेला माणूस. ड्रम बरसला, गिटार किंचाळली आणि जिथं 'गाव उभं गोलात' होतं तिथं सगळी वाद्यं एकदम थांबली.

त्या शांततेत स्पीकरमधनं माझा आवाज आला.

"आतच ऱ्हा, द्वारके. मी सांगते तवा बाहेर ये. आसं मी म्हटलं. ती माज्याकडं बघून बाहेर आली. काठी माजी हुती."

तात्यांची काठी थांबली. काठीचं त्यांना माहीत होतं. आतच ऱ्हा म्हटलेलं माहीत नव्हतं. ते माझ्याकडं वळले नाहीत. समोरच बघत राहिले. वाद्यं पुन्हा सुरू झाली, पण सातमधला एक ठोका पोरांनी मोकळा सोडला होता. 'पाय'चा. सहा वाजायचे आणि सातवा रिकामा. संपेपर्यंत तसंच. गाणं संपलं तरी टाळी पडली नाही. मागनं कुणीतरी एकानं वाजवली आणि मधेच सोडून दिली. मला वाटलं, आता लागलं कुणाला तरी.

गाडीत सई माझ्या शेजारी बसली. अर्ध्या वाटेवर माझा उजवा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि तसाच धरून ठेवला. माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ते तिच्या हातात नाही, आणि जिच्या हातात आहे तिचा हात मी मोडलाय.

काल आमचा विहिरीजवळचा फड निघाला. आता टोळी नाही, हार्वेस्टर येतं. घराएवढं यंत्र, उसाला दात लावत सरळ चालत जातं, दुसऱ्या अंगानं कांड्या ओकतं. माणसं काठ्या घेऊन येत नाहीत. गरज नाही. जे काही आत राहतं ते यंत्रच तोडून टाकतं. कांड्यांत लाल दिसलं तर ड्रायव्हर म्हणतो, ससा असंल.

चाळीस वर्षं मी एक करत आले. शेवटचा तुकडा उरला की जाते आणि आत ओरडते, "कोण हाय का? या बाहेर." लोकांना वाटतं, आक्का सशांना हुसकावतात. देवभोळी आहे म्हणतात. मीही तसंच वाटू दिलं. काल यंत्र थांबवा म्हणून हात केला तर ड्रायव्हरच्या कानात गाणी, तो बघायलाच तयार नाही. दात फिरत होते. पुढची सरी आडवी झाली.

बांधावरनं तात्या उठले. गुडघ्याला हात लावून, ठेचकाळत, यंत्राच्या पुढ्यात जाऊन काठी आडवी धरून उभे राहिले. करकचून यंत्र थांबलं. ड्रायव्हर ओरडला, "ओ म्हातारबा, मरायचंय का?"

"थांब रं जरा," तात्या म्हणाले. "वैनीला बोलवू दे."

यंत्र बंद झालं. एवढी शांतता त्या शिवारात मी कधी ऐकली नव्हती. सगळे माझ्याकडं बघत होते. मी तुकड्याच्या पलीकडच्या अंगाला गेले, जिथं तेव्हा सऱ्या दाट होत्या. आणि पहिल्यांदा नाव घेऊन ओरडले.

"द्वारके, मी सांगतीया. ये गं बाहेर."

पाचट हललं. एक तितर फडफडत निघालं आणि विहिरीवरून निघून गेलं. मग काही नाही. ड्रायव्हरनं किल्लीला हात घातला, तात्यांनी काठी वर केली नाही, नुसतं त्याच्याकडं बघितलं, तसा त्यानं हात काढून घेतला.

मी आणखी एकदा हाक मारली.